नमुना क्रमांक दोनशे सतरा

बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, म्हणाले होते.
मोटर आधी दहा मिनिटं चालू ठेवा,
मग भरा. काठोकाठ.

आक्का कठड्यापाशी उभी, हातात दुपदरी गाळणं.
"न गाळताच भरतोस व्हय?"
आमच्यात न गाळलेलं पाणी ओठाला लागत नाही.
गाळण्यावर राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव
ती गाळणं उलटं धरून, वरनं तांब्यानं पाणी सोडून
परत विहिरीत पाठवते.
ज्याचं घर त्याला.
मी म्हटलं, आक्का, त्यांना आहे तसंच पाहिजे.
'आहे तसं' हे तिला काही पटलं नाही.

फॉर्म आण्णांनी भरला, म्हणजे सांगितला.
खोली? पंचेचाळीस फूट.
मग म्हणाले, गाळ धरून का सोडून?
बांधकाम? काळा दगड.
खणली कुणी, हे फॉर्मवर नव्हतं, तरी सांगितलं:
सांगोल्याकडचे वडर, दोन उन्हाळे.
त्यातल्या एकीचं तान्हं पोर
या चिंचेला झोळीत झोपायचं,
सुरुंगाच्या आवाजानंही उठायचं नाही.
संडासापासून अंतर?
पावलांनी मोजलं. परत मोजलं.
दुसऱ्यांदा चार पावलं जास्त भरली, तीच लिहायला लावली.
शेतात वापरलेली खते?
तीन एकर ऊस, एक एकर हळद,
आणि फॉर्मवर रेघ बोटभर.
"थोडं थोडं, असं लिही."

चंदनाताईचं बाळ अकरा आठवड्यांचं.
अंगावरचं पुरत नाही, म्हणून वरचं, पावडरचं.
ओठ जरा जांभळट दिसले
तर आम्हाला वाटलं काजळ फिसकटलंय.
डॉक्टरांनी बाळाकडं एकदा बघितलं
आणि ताईला विचारलं, पाणी कुठलं?

डिग्रजहून सांगली. बाटली थर्माकोलच्या खोक्यात,
बर्फ आइसकांडीवाल्याकडचा.
आयर्विन पुलावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो.
ट्रॉलीवर गाणं जोरात, खाली कृष्णा गप्प,
आणि मी खोक्यावर हात ठेवून,
आत कुणी झोपलंय असा.

चौथ्या दिवशी कागद मिळाला.
रंग, नाही. वास, नाही. गढूळपणा, नाही.
आक्काला हे वाचून दाखवायला हवं, असं वाटेपर्यंत
खालची ओळ.
नायट्रेट, एकशे अठरा.
मर्यादा, पंचेचाळीस.
आमच्या विहिरीच्या खोलीएवढीच,
गाळ धरून का सोडून, कोण जाणे.

शिकलगार मॅडमनी चष्मा वर सरकवला.
गाळून जात नाही हे, म्हणाल्या.
मग उकळून?
"उकळून वाढतं. पाणी उडून जातं, हे मागं राहतं."

आक्का रोज पातेलं अर्धं होईस्तोवर उकळत होती.
बाळासाठी म्हणून.
दुधाचं पातेलं वेगळं, झाकण वेगळं,
चूल सोडून उठत नव्हती.

परतीला पूल रिकामा होता, तरी मी सावकाश आलो.

आण्णांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ
गोठ्यातल्या युरियाच्या पोत्यांकडं बघत बसले.
"मी उसाला टाकलंय," म्हणाले.
"विहिरीला कुठं टाकलंय?"
नंतर जेवताना, कुणी विचारलं नसताना,
"तेवढंच टाकतात सगळे."

आक्काला एवढंच म्हटलं, आता उकळू नको. जार येणार आहे.
"का रं?"
गॅस वाचेल.
तिनं माझ्याकडं बघितलं. तिला खोटं कळतं.
पण गॅस वाचतो हेही खरंच.

जार आला. वीस लिटरचा, निळा.
तिनं तोही गाळला.
बाळाची बाटली भरली, ओठ पुसले, खिडकीच्या उजेडात परत बघितले.
मग गाळणं घेऊन दारात आली
आणि रिकामा जार उचलणाऱ्या पोराला विचारलं,
हे कुठल्या विहिरीचं रं?
"मशीनचं, मावशी."

दिवस मावळत आला. जेवणं उरकायची आहेत.
आक्का अजून अंगणात, चिंच आणि दाराच्या मधे,
ओलं गाळणं दोन्ही हातांवर आडवं धरून.
मशीनमधे परत कसं सोडायचं, विचारते.